उजव्या कोपऱ्यातली सही

मॅडमनी पांढऱ्या फळ्याच्या मधोमध उभी रेघ ओढली. डावीकडे लिहिलं कागद, उजवीकडे कॉम्प्युटर. इंग्रजीत लिहिलं, पण एवढं मला वाचता येतं. समोर दोन साहेब बसले होते. मी दाराशी उभी होते, कारण कागदांच्या खोलीतलं काही विचारायचं झालं तर सांगायला दुसरं कोणी नव्हतं.

"ताई, बसा ना," मॅडम म्हणाल्या. त्या पुण्याकडच्या. म्हैसूरला नवीनच आल्या होत्या, आणि अख्ख्या कारखान्यात मराठी बोलणारी मी एकटी सापडल्यामुळे माझ्याशी जरा जास्त प्रेमाने वागायच्या.

"बरी आहे उभी," मी म्हणाले.

डावी बाजू भरत गेली. कागद. प्रिंटरची शाई. प्लास्टिकचे पाउच. कपाटं. ती कपाटं ज्या खोलीत आहेत तिचं भाडं. कागद वाटत फिरण्यात जाणारा वेळ, परत गोळा करण्यात जाणारा वेळ. त्याखाली मॅडमनी 'हेल्पर' असं लिहिलं आणि माझ्याकडे बघून कसंनुसं हसल्या. मीही हसले. मला त्याचं काही वाटलं नाही. शाई रोज लागते, मीही रोज लागत होते.

उजवी बाजू लहान होती असं नाही. प्रोग्रामचे दर वर्षाचे पैसे होते, प्रत्येक मशीनपाशी लावायचा टॅब होता, लोकांना शिकवण्याचा खर्च होता. शिवाय कॉम्प्युटरमध्ये शिरायला प्रत्येकाला वेगळा पासवर्ड, आणि दर पासवर्डामागे वेगळे पैसे. म्हणून ज्यांना लागेल त्यांनाच तो द्यायचा ठरलं. मला लागणार नव्हता.

दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या दिसायला लागल्या तेव्हा एक साहेब म्हणाले, "तो खराब झालेला लॉट घातला का? जुन्या शीटवर काम झालं होतं तो. सगळ्यात मोठा खर्च तोच. कागदाच्या बाजूला घाला."

मॅडमनी तो डाव्या बाजूला शेवटी लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या. मी फळ्यावरची नजर काढून खिडकीकडे नेली. त्या ओळीमागचा माणूस माझा नवरा होता. मॅडमना ते माहीत असायचं कारण नव्हतं, आणि साहेबांना माहीत होतं ते आता आठवत नसावं.

यजमान याच कारखान्यात, कागदांच्याच खोलीत होते. लग्न होऊन मी निपाणीकडून म्हैसूरला आले तेव्हापासून त्यांचं तेच काम. आमच्या सासरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथली. कुठल्याशा राजाच्या फौजेत कुणी पूर्वज होता म्हणतात. घरात मराठी बोलायचे, पण मला ती पहिले काही महिने अर्धीच कळायची. दर दोन शब्दांनी एक कानडी शब्द. जेवताना मी आणखी भात वाढायला गेले की यजमान हात आडवा धरून म्हणायचे, "साकु, साकु." पुरे म्हणायच्या ऐवजी.

त्यांचं काम सांगायला सोपं आहे. प्रत्येक मशीनपाशी एका पाउचमध्ये एक शीट लटकवलेलं असायचं. कुठलं भोक कुठे पाडायचं, किती मापाचं, कुठल्या हत्याराने, ते सगळं त्यावर. गिऱ्हाइकाने माप बदललं की नवं शीट यायचं. यजमान त्यावर लाल शिक्का मारायचे, उजव्या कोपऱ्यात मशीनचा नंबर आणि तारीख घालायचे, सही करायचे, आणि मशीनपाशी जाऊन जुनं शीट काढून मगच नवं लावायचे. आधी जुनं हातात, मग नवं. यात कधी उलटं व्हायचं नाही. जुनं मशीनपाशी राहिलं तर कोणीतरी चुकून त्यावरूनच काम करणार, हे ते मला इतक्यांदा सांगायचे की मला पाठ झालं होतं.

ही सवय ते घरीही घेऊन आले होते. मुलीला नवी पेन्सिल हवी असली तर जुनी थोटकी आणून दाखव. नवा बल्ब हवा तर गेलेला बल्ब आण. एकदा माझी चप्पल तुटली आणि मी ती वाटेतच टाकून अनवाणी घरी आले. तेव्हा म्हणाले, "अय्यो, जुनी परत आणली नाहीस? मग नवी कशी देऊ गे?" आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच माझ्या पायाचं माप दोऱ्याने घेऊन गेले.

कारखान्यात त्यांची थट्टा व्हायची. जवळच्या वरुणा गावाहून मोटरसायकलवर येणारा एक मशीनवाला होता. सकाळी डेअरीत दूध घालून कामावर यायचा. तो एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, "सार, माझी बायको जुनी झाली, नवी देता काय?" यजमान म्हणाले, "देतो की. आधी जुनी इथे आणून जमा कर. आणि कागदावर तिची सही पाहिजे." तेव्हापासून तो माणूस बायकोला डबा द्यायला म्हणूनही गेटवर येऊ देईना, अशी गंमत मला त्यांनी घरी येऊन सांगितली होती. सांगताना हसून हसून त्यांना ठसका लागला होता.

सही मात्र बघण्यासारखी होती. ते शिकले कानडीत. मराठी लिहायला त्यांना येत नव्हतं. वडिलांनी फक्त नाव तेवढं मराठीत लिहायला शिकवलं होतं, म्हणून सही मराठीत. आणि वरची रेघ अक्षरं संपली तरी थांबायची नाही, थेट कागदाच्या कडेपर्यंत जायची. मी त्यांना म्हणायचे, "अहो, अक्षरं संपली, आता रेघ कशाला?" ते म्हणायचे, "कुणी माझ्या नावापुढे आणखी काही जोडू नये म्हणून."

घरात लिहायचं काम माझं. चौथीपर्यंतच शिकले, पण मला लिहायला आवडायचं. किराणा, दूध, मुलीच्या शाळेच्या वहीवरचं नाव, सगळं मी. ते हात वर करायचे, "दिवसभर कोपरे भरून आलोय, आता पेन दाखवू नकोस." म्हणून घरात त्यांच्या हातचं लिहिलेलं काही राहिलं नाही. हे मला तेव्हा कुठे माहीत होतं की असं काही ठेवून घ्यायचं असतं.

मग त्यांना दम लागायला लागला. आधी जिन्यावर, मग सपाटीवरही. डॉक्टर म्हणाले, हृदय मोठं झालंय. ते म्हणाले, "बघ, आयुष्यभर मला लहान मनाचा म्हणालीस." कामावर जाणं सोडलं नाही. फेरी मात्र आता थांबत थांबत करायचे.

त्या दिवशी शेवटच्या मशीनपाशी पोचले तेव्हा पाउच रिकामा होता. तिथला माणूस म्हणाला, जुनं शीट तेलाने भिजलं म्हणून मागे वाळत टाकलंय, उद्या देतो. मागे म्हणजे शेडच्या दुसऱ्या टोकाला. यजमानांना तिथवर जाऊन परत येणं झेपलं नसतं. त्यांनी नवं शीट आधी दिलं. सगळ्या आयुष्यात एकदाच नवं आधी दिलं. रात्रपाळीच्या माणसाने वाळलेलं शीट आणून त्याच पाउचमध्ये वरती घातलं, आणि पुढचं सगळं काम जुन्या मापाने झालं. माल गिऱ्हाइकाकडे गेला आणि सगळाच्या सगळा परत आला.

कोणी त्यांना रागावलं नाही. तेव्हाचे मोठे साहेब खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते की होतं असं कधी कधी. घरी येऊन ते पाटावर बसले. मी भात वाढला. त्यांनी ताटाभोवती पाणी फिरवलं आणि तसेच बसून राहिले. मी म्हटलं, "अहो, घास घ्या." म्हणाले, "साकु." अजून एक शीतही तोंडात गेलेलं नव्हतं.

त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. जावयाने नरसीपूरच्या संगमावर नेऊन सगळं केलं. मी पाण्यात पायही घातला नाही, काठावरच उभी होते.

कारखान्याने दया केली. मला त्याच खोलीत हेल्पर म्हणून घेतलं, ठेकेदारामार्फत. कागद नेऊन द्यायचे, जुने आणायचे, आणि मुदत संपलेले जुने कागद मशीनमध्ये घालून कातरायचे. पहिल्या दिवशी कपाट उघडलं तर आत सगळीकडे तेच. प्रत्येक शीटच्या उजव्या कोपऱ्यात निळ्या पेनाने नंबर, तारीख, आणि कागदाच्या कडेपर्यंत गेलेली ती रेघ. पेन इतकं दाबून लिहायचे की कागद उलटा केला तर सही बोटाला लागायची. मी त्या दिवशी बराच वेळ कपाटाच्या दाराआड उभी होते. बाहेरून कोणी बघितलं असतं तर वाटलं असतं, काही शोधतेय.

म्हणजे रोज सकाळी बसने जायचं आणि त्यांना भेटून यायचं, असं माझं चाललं होतं. कोणाला सांगितलं नव्हतं. मुलीलाही नाही.

फळ्यावरची बेरीज झाली आणि कॉम्प्युटर घ्यायचा ठरला. तो चांगलाच आहे, मी उगीच नावं ठेवणार नाही. आता माप बदललं की सगळ्या टॅबवर एकदम बदलतं. जुनं दिसतच नाही. कोणाला दम लागत असला तरी काही बिघडत नाही. यजमान असते तर त्यांनी हेच म्हटलं असतं, "बघ, जुनं काढायचं कामच नाही." त्यांच्या आयुष्यात हे थोडं आधी आलं असतं तर ते जेवून झोपले असते.

चालू शीट सगळी नव्याने टाइप करून आत गेली. कोपऱ्यातल्या सहीच्या जागी आता नुसती छापील अक्षरं येतात. जुनी कपाटं रिकामी करायला मॅडमनी मला सांगितलं, "ताई, घाई नाही, रोज थोडं थोडं कातरा."

मी मुद्दाम दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. यजमानांच्या आधी जे होते त्यांचे कागद, मग यजमान रजेवर असताना दुसऱ्यांनी केलेले. त्यांचं कपाट शेवटी ठेवलं. मला त्यातलं एक शीट हवं होतं, एवढंच. पण शीट बाहेर न्यायची सक्त मनाई. गिऱ्हाइकाची मापं असतात त्यावर. यजमान तर मुलीला रफ कामासाठी पाठकोरा कागदसुद्धा आणून देत नव्हते. त्यांचंच शीट मी पदराखाली लपवून गेटमधून नेलं तर ते मला चाललं असतं का? नाही चाललं असतं. म्हणजे विचारूनच घ्यायचं.

विचारणं मला जमत नाही. लहानपणापासून दुकानात मी बोटाने दाखवते. रोज ठरवायचे, आज मॅडमना सांगेन. त्या समोर आल्या की विचारायच्या, "ताई, काही हवंय का?" आणि मी म्हणायचे, "नाही नाही, काही नाही." मग मशीनपाशी जाऊन आणखी एक गठ्ठा कातरायचे. मनात म्हणायचे, कपाट अजून आहे.

एका सोमवारी आले तर खोली रिकामी. कपाटांच्या जागी फरशीवर चौकोनी डाग होते, कडेने धूळ आणि मध्ये स्वच्छ. मॅडम मागून आल्या, खुशीत होत्या.

"बघा ताई! रविवारी बाहेरची गाडी बोलावली. मोठं मशीन असतं त्यांच्या गाडीतच, दोन तासांत सगळं संपलं. किती दिवस तुम्ही एकट्या कातरत होतात, मला बघवत नव्हतं. हात बघा कसे झालेत तुमचे."

मी हाताकडे बघितलं. खरंच सोलवटले होते.

"सगळी कपाटं?" मी विचारलं.

"सगळी. का हो? काही राहिलं होतं का तुमचं? छत्री, डबा?"

तेव्हा मी सांगितलं. आत्तापर्यंत जे कधी निघालं नव्हतं ते आता, काही उपयोग नसताना, सरळ तोंडातून बाहेर आलं. की इथे आधी जे काम करायचे ते माझे यजमान. की त्यांची सही होती. की मला एकच कागद हवा होता.

मॅडम खाली बसल्या, तिथेच फरशीवर, चांगल्या साडीत.

"अहो ताई, एकदा बोलायचं तरी होतंत. नुसता कोपरा कापून दिला असता मी. त्यावर कुठे कसलं माप असतं?"

एवढं सोपं होतं. कात्रीने कोपरा. माझ्या डोक्यात कधी आलंच नाही की कागदाचा तेवढाच भाग मागता येतो. मी म्हटलं, "जाऊ द्या मॅडम, चहा आणते." त्या दिवशी चहा आणताना दोन्ही कप बशीत सांडले.

कपाटं गेली तरी मला काढलं नाही. मॅडमनी माझ्यासाठी शब्द टाकला असणार. आता मी ट्रेनिंगची खोली झाडते, पाण्याच्या बाटल्या ठेवते, खुर्च्या लावते. नव्या मुलामुलींना टॅबवर काम कसं करायचं ते तिथे शिकवतात.

पहिलं ट्रेनिंग होतं तेव्हा मी बाटल्या ठेवत मागच्या रांगेपर्यंत गेले होते. मॅडम पडद्यावर चित्रं दाखवत इंग्रजी आणि मोडक्या कानडीत बोलत होत्या. कागदाच्या पद्धतीत काय काय बिघडायचं ते. मग एक शीट आलं. तेलाचा मोठा डाग, मधोमध घडी. आणि उजव्या कोपऱ्यात लाल गोल काढलेला.

भिंतीएवढी सही. निळीच. तक्रारीच्या फाइलीत ते एकच शीट पुरावा म्हणून ठेवलेलं होतं, ते कपाटात नव्हतंच, म्हणून वाचलं. गोल बऱ्यापैकी मोठा काढला होता, पण वरची रेघ त्यात मावली नव्हती. लाल गोल ओलांडून ती कडेपर्यंत गेलेली होती.

मॅडम सांगत होत्या, ही तारीख बघा, हे जुनं, हे परत घ्यायला हवं होतं, एका माणसाच्या एका चुकीने एवढा माल वाया गेला. माझ्या पुढच्याच रांगेतला एकजण शेजारणीला म्हणाला, "मुट्ठाळ असणार." कानडीत मूर्ख माणसाला म्हणतात तसं. ती खुदकन हसली.

हातातली बाटली मी घट्ट धरून ठेवली. मला सांगायचं होतं की त्यांना दम लागत होता. की ते त्या दिवशी जेवले नव्हते. की हा मनुष्य जुनी चप्पल दिसल्याशिवाय नवी द्यायचा नाही. पण इतक्या लोकांत कानडीत बोलायचं, आणि सुरुवात कुठून करायची? आणि दुसरं म्हणजे, माझी नजर पडद्यावरून हलतच नव्हती. इतकी मोठी मी ती कधी बघितली नव्हती. पेन कुठे थांबून परत उचललं होतं तेही दिसत होतं.

सगळे गेल्यावर मॅडम माझ्याजवळ आल्या. माझ्या तोंडावरूनच त्यांना कळलं असावं. त्यांनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ही त्यांची?"

मी मान हलवली.

"अय्यो," त्या म्हणाल्या. हे त्या म्हैसूरला येऊन शिकल्या होत्या. "माझ्या खरंच लक्षात आलं नाही हो ताई, मी नुसती तारीख बघितली. आजच काढून टाकते हे. दुसरं कुठलं तरी उदाहरण घालते. सॉरी, खरंच."

"तो कागद..." मी म्हणाले.

"तो नाही देता येणार. तक्रारीचा आहे, वरच्या ऑफिसात कुलपात असतो. तो माझ्याही हातात नाही, आणि तक्रारीतल्या कागदाचा कोपरासुद्धा छापून द्यायला बंदी आहे. पण इथून मी काढते, नक्की काढते."

त्यांनी लॅपटॉपकडे हात नेला. काढलं की संपलं, हे माझ्या लक्षात आलं. माझ्याकडे पासवर्ड नाही. फायलीपर्यंत मी कधी पोचणार नाही. सगळ्या जगात ती सही मला दिसेल अशी ही एकच जागा, लाल गोलातली.

"नको मॅडम," मी म्हणाले. "राहू द्या."

"अहो, पण लोक हसतात. तुम्हाला कसं..."

"हसू देत. राहू द्या."

मॅडमनी हात मागे घेतला. त्यांनी लॅपटॉप मिटला.

नवी माणसं महिन्याला येत राहतात. त्या दिवशी मी खुर्च्या लवकर लावते, आणि बाटल्या मात्र लवकर नेत नाही. ते शीट कुठल्या चित्रानंतर येतं ते मला आता ठाऊक आहे. त्याआधी एका कपाटाचं चित्र येतं. ते दिसलं की मी ट्रे घेऊन आत जाते आणि मागच्या भिंतीशी उभी राहते. मॅडम आता तिथे 'एका माणसाची चूक' असं म्हणत नाहीत, तारीख तेवढी दाखवतात. तरी कोणीतरी हसतंच. मॅडम त्या चित्रावर जरा जास्त वेळ थांबतात, असं मला वाटतं.

मग त्या बटण दाबतात आणि दुसरं चित्र येतं. मी बाटल्या वाटायला लागते.